२५ मीटरवरची पाटी आणि मधुमेही चालकाचा डोळा

गेल्या महिन्यात माझ्या वाहन परवान्याचे नूतनीकरण झाले. माझे वय ५७ आहे, मधुमेह होऊन १६ वर्षे झाली आहेत आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर लेसर उपचार झाले आहेत. चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावे लागले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगितले आणि लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, असे विचारले. लेसरची गोष्ट मी आपणहून सांगितली, त्यावर ते म्हणाले, "त्यासाठी या फॉर्ममध्ये रकाना नाही." ते खरेच होते, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काही दिवसांत पुढील ५ वर्षांचा परवाना टपालाने घरी आला. हे सगळे इतके सहज झाले, हीच मला लागलेली टोचणी आहे.

आपल्याकडची कसोटी काय आहे, ते आधी सांगतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार अर्जदार फॉर्म १ मध्ये आपल्या प्रकृतीविषयी स्वतः घोषणा करतो. दिवसाच्या चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटर अंतरावरील मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, हा त्यातील दृष्टीविषयीचा मुख्य प्रश्न आहे. फिट येणे किंवा अचानक शुद्ध हरपणे, रंगज्ञान, रातांधळेपणा यांचीही विचारणा आहे आणि शेवटी, आपल्या वाहन चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा इतर कोणता आजार आहे का, असा एक सर्वसाधारण प्रश्न आहे. मधुमेहाचे नाव कुठेही नाही. तो शेवटचा प्रश्न मधुमेह्यालाही लागू होतो, असे कुणी म्हणेल. पण आपला आजार इतरांना धोकादायक आहे की नाही, याचा निवाडा ज्याला परवाना हवा आहे त्यानेच करायचा असेल, तर उत्तर काय येणार हे सांगायला नको.

आता त्या पाटीकडे पाहू. मोटारीच्या पाटीवरील अक्षरे नियमानुसार ६५ मिलिमीटर उंच असतात आणि २५ मीटरवरून ती वाचण्यासाठी लागते ती डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागाची, म्हणजे पीतबिंदूची, शक्ती. एखाद्या माणसाच्या दृष्टिक्षेत्राचा चारही बाजूंचा भाग नाहीसा झाला असेल आणि तो जणू एखाद्या नळीतून जग पाहत असेल, तरीही ती पाटी तो बिनचूक वाचू शकतो. त्याच माणसाला डाव्या हाताच्या गल्लीतून येणारी सायकल, दुभाजकावरून उतरणारे मूल किंवा बैलगाडीची मागची बाजू वेळेवर दिसेलच असे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, म्हणजे कसोटीचे ते सगळे २५ मीटर तिला जेमतेम सेकंदभराचे आहेत.

मधुमेह डोळ्याचे जे नुकसान करतो, ते बहुतेक वेळा या पाटीच्या कसोटीत न सापडणारे असते. वाढलेल्या साखरेमुळे पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, झिरपतात, काही बंद पडतात, आणि पुढच्या टप्प्यात तिथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवू लागतात, ज्यांतून डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. या सगळ्या प्रवासात बराच काळ दुखत नाही, खुपत नाही आणि वाचनही उत्तम चालू असते. माझे स्वतःचे तसेच होते; वर्तमानपत्रातील बारीक जाहिराती वाचत असतानाच मला पडद्याच्या आजाराचे निदान सांगण्यात आले. पीतबिंदूला सूज आली, तर मात्र मधली नजर धूसर होते आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. मोतीबिंदूही मधुमेह्यांना लवकर गाठतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपल्यावर नजर पुन्हा ठिकाणावर यायला लागणारा वेळ त्यामुळे वाढतो. शिवाय एक साधी गोष्ट आहे, जी अनेक मधुमेह्यांना कुणी सांगितलेलीच नसते: साखर खूप वरखाली झाली की डोळ्यातील नैसर्गिक भिंग फुगते किंवा आक्रसते आणि चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो. नवे औषध किंवा इन्सुलिन सुरू झाल्यानंतर काही आठवडे नजर अशी अस्थिर राहू शकते. त्या काळात काढलेला नंबर आणि त्या काळात घेतलेली चाचणी, दोन्ही महिन्याभराने खोटी ठरू शकतात.

लेसरविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे रुग्णाला मिळणाऱ्या माहितीत मोठी फट राहते. पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक ठिपके भाजून मधला भाग वाचवणे, हे या उपचाराचे तत्त्व आहे. त्याने असंख्य लोकांची दृष्टी वाचवली आहे आणि माझीही वाचवली, याबद्दल माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. परंतु त्याची किंमत बाजूच्या नजरेतून आणि अंधारातील नजरेतून काही प्रमाणात द्यावी लागते. उपचारानंतर सहा-सात महिन्यांनी साताऱ्याहून पुण्याकडे येताना भर दुपारच्या उन्हातून मी खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि पुढे चाललेला, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर मला जवळजवळ शेवटच्या क्षणी दिसला. शेजारी बसलेल्या पत्नीने तो माझ्या आधी पाहिला आणि ती ओरडली, म्हणून ब्रेक वेळेवर लागला. उजेडातून अंधारात गेल्यावर माझे डोळे सरावायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतात, हे मला त्या दिवशी कळले. तपासणीसाठी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर त्या दिवशी गाडी चालवू नका, एवढे मला बजावून सांगितले गेले होते. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांविषयी कुणीच काही सांगितले नव्हते.

त्यानंतर मी स्वखर्चाने दृष्टिक्षेत्राची चाचणी करून घेतली. यंत्रात हनुवटी टेकवून मध्यभागी नजर स्थिर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे, असे तिचे स्वरूप आहे. कागदावर आलेल्या आकृतीत डाव्या बाजूला खाली एक करडा डाग होता. तो डाग मला कधीच 'दिसला' नव्हता, कारण नजरेतील रिकाम्या जागा मेंदू भोवतालच्या चित्राने भरून काढतो. आपल्याला काय दिसत नाही, ते आपल्याला आपोआप कळत नाही. म्हणूनच स्वयंघोषणेवर उभी असलेली पद्धत इथे अपुरी पडते, मग घोषणा करणारा कितीही प्रामाणिक असो.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि तीही मधुमेही आहे, इन्सुलिन घेते. तिकडेही परवाना घेताना नंबर प्लेट वाचावीच लागते, २० मीटरवरून. पण तिथे पाटीवर गोष्ट संपत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून दृष्टी किमान ६/१२ (म्हणजे चांगल्या नजरेला १२ मीटरवरून वाचता येते, ते निदान ६ मीटरवरून वाचता येणारी) असावी लागते आणि आडवे दृष्टिक्षेत्र किमान १२० अंशांचे, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५० अंशांपेक्षा कमी नसलेले, असावे लागते. ट्रक आणि बस चालवणाऱ्यांसाठी चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/७.५ आणि दृष्टिक्षेत्र १६० अंश, अशी कसोटी आणखी कडक आहे. दोन्ही डोळ्यांना लेसर झाले असेल, तर ते स्वानसी येथील परवाना संस्थेला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बहिणीने कळवले, संस्थेने तिला तिच्याच गावातील चष्म्याच्या दुकानात दृष्टिक्षेत्राच्या चाचणीला पाठवले, चाचणी समाधानकारक आली आणि तिचा परवाना कायम राहिला. इन्सुलिन घेणाऱ्या मोटारचालकांना तिथे १, २ किंवा ३ वर्षांचा परवाना मिळतो, तसा तिला ३ वर्षांचा मिळाला आहे. तिथेही रुग्णाने आपणहून सांगण्यावरच बरेच काही अवलंबून आहे, ही त्या पद्धतीची उणीव मला मान्य आहे. तरीही प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला जातो आणि खरे उत्तर देणाऱ्याला पुढे कुठे जायचे ते सांगितले जाते, हा फरक फार मोठा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे मूठभरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी सांगितली. प्रमाणाच्या दृष्टीने आपला शेजारी गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत वर होता. त्याआधी २०१५ ते २०१९ या काळात ५० वर्षांवरील लोकांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मधुमेह्यांपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम आढळले होते, म्हणजे साधारण सहांत एक. यांतील किती जण वाहन चालवतात, याची नोंद परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे असण्याचा मार्गच नाही, कारण तिने तसे कधी विचारलेलेच नाही. उलट २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक परवान्यांची मुदत वाढली. व्यावसायिक वाहनांचा परवाना पूर्वी ३ वर्षांनी नव्याने घ्यावा लागे, तो आता ५ वर्षांनी घ्यावा लागतो. निरोगी माणसासाठी ही सोय योग्यच आहे. परंतु मधुमेह्याच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, आणि परवान्याची मुदत त्याच्या पाचपट आहे.

व्यावसायिक चालकांचा विषय मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. टेम्पो, ट्रक, रिक्षा, खासगी बस चालवणारी माणसे अवेळी जेवतात, रात्री जागतात, तासन्‌तास बसून असतात. साखर वाढायला याहून अनुकूल दिनक्रम सापडणे कठीण. आणि नेमक्या त्यांनाच 'मला मधुमेह आहे' हे वाक्य पोटावर पाय आणणारे वाटते. त्यामुळे नियम कडक करा, एवढेच म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मधुमेह असल्याचे सांगताच परवाना जाणार असेल, तर लोक आजार लपवतील, तपासणीला जाणारच नाहीत, आणि रस्ता आजच्यापेक्षा अधिक असुरक्षित होईल. साखर अचानक कमी होण्याच्या धोक्याबाबतही हेच खरे आहे. तो स्वतंत्र लिहिण्याचा विषय आहे.

मला हवे आहे ते एवढेच की, फॉर्म १-ए मध्ये मधुमेह आहे का, असल्यास किती वर्षे, आणि पडद्यावर लेसर किंवा डोळ्यांत इंजेक्शनचे उपचार झाले आहेत का, हे सरळ विचारावे. होकार आल्यास गेल्या वर्षभरातील पडद्याच्या तपासणीचा अहवाल मागावा आणि दोन्ही डोळ्यांना लेसर झालेल्यांची दृष्टिक्षेत्राची चाचणी करावी. चाचणीत उणीव निघाली, तरी एकदम परवाना रद्द न करता कमी मुदतीचा परवाना किंवा व्यावसायिकऐवजी खासगी वाहनाची मुभा, असे मधले मार्ग असावेत. आणि हा खर्च चालकाच्या खिशावर पडू नये. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे आणि मधुमेहामुळे होणारा पडद्याचा आजार त्याच्या कक्षेत येतो, तेव्हा जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी चालकांसाठी ही तपासणी ठेवणे अशक्य नाही. रस्ता सुरक्षा अभियानात चालकांसाठी नेत्र शिबिरे होतात, ती चांगलीच आहेत. पण मी पाहिलेल्या शिबिरांत नंबर काढून चष्मे दिले जात होते, पडदा कुणी पाहत नव्हते.

इथे एक व्यवहाराची अडचण आहे, जी मला आमच्या आळीतील एका टेम्पोचालकामुळे समजली. त्याला मधुमेह होऊन ११ वर्षे झाली आहेत आणि पडद्याची तपासणी त्याने एकदाही केली नव्हती. मी दोन महिने त्याच्या मागे लागलो होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, थेंब घातले की चार-पाच तास धूसर दिसतं, त्या दिवशीचं भाडं जातं, आणि टेम्पो घरी आणायचा कुणी?" तपासणी फुकट असली, तरी त्याच्यासाठी ती फुकट नव्हती. बाहुली मोठी न करताही बऱ्याच जणांच्या पडद्याचे छायाचित्र घेऊ शकणारे कॅमेरे आता उपलब्ध आहेत. ते परवाना कार्यालयाजवळच्या सरकारी दवाखान्यांत ठेवले, तर निदान पहिली चाळणी एका चहाच्या वेळेत होईल. तोवर आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला. गेल्या रविवारी, भाडे नसलेल्या दिवशी, तो तपासणीला गेला आणि सोबत त्याचा मोठा मुलगा होता. उजव्या डोळ्यात पीतबिंदूजवळ सूज निघाली आहे, डाव्यात सुरुवात आहे आणि पहिले इंजेक्शन येत्या शुक्रवारी ठरले आहे. येताना टेम्पो मुलाने चालवला.