१९८६ मध्ये पहिला नंबर ‘कंट्रोल’चाच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही इतकं पोटतिडकीने लिहिलंत, म्हणजे ते वर्ष तुमच्याही जिव्हाळ्याचं आहे. नुसते आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. १९८६ च्या दहा अल्बमांच्या माझ्या यादीत मी जॅनेट जॅक्सनचा ‘कंट्रोल’ पहिला ठेवला, पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ दुसरा, मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ तिसरा, पीटर गेब्रियलचा ‘सो’ पाचवा आणि द स्मिथ्सचा ‘द क्वीन इज डेड’ सातवा. यावर तुमचं म्हणणं असं की ‘कंट्रोल’ हा ड्रम मशीन आणि दोन प्रोड्यूसरनी मिळून घडवलेला माल आहे, त्यात गाणारीचं स्वतःचं काही नाही. बाकीच्या अल्बमांत निदान माणसं हातांनी वाद्यं वाजवतात. ‘द क्वीन इज डेड’ला सातव्या जागी बसवणं तुम्हाला अपमानास्पद वाटलं. आणि ‘ग्रेसलँड’बद्दल लिहिताना मी दक्षिण आफ्रिकेवरच्या बहिष्काराचा विषय काढायला नको होता, संगीतावर बोलताना संगीतावरच बोलावं, असंही तुम्ही म्हणता.

आधी यंत्रांचं बघू, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

‘सो’ पाचवा ठेवला हे तुम्हाला पटलं, आणि त्यातल्या ‘स्लेजहॅमर’च्या सुरुवातीला येणाऱ्या बासरीचं तुम्ही मनापासून कौतुक केलंत. मलाही ती फार आवडते. पण ती बासरी तिथे कुणी फुंकलेली नाही. ती जपानी शाकुहाची बासरीच्या आवाजाची सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेला तुकडा आहे, एम्युलेटर टू नावाच्या कीबोर्डवर वाजवलेली. त्यानंतर जी ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांची साथ, येते ती मात्र खऱ्या माणसांची आहे. गाण्याची मजाच अशी की हे दोन्ही एकाच दमात येतं आणि कुठे सांधा दिसत नाही.

आता ‘द क्वीन इज डेड’. शीर्षकगीतातला तो धडधडत येणारा टॉम-टॉमचा ठेका बँडचा ड्रमर माईक जॉइसने वाजवला हे खरं, पण गाण्याखाली जो फिरत राहतो तो त्याचा तुकडा आहे. रेकॉर्डिंग इंजिनियर स्टीफन स्ट्रीटने तो सॅम्पल करून त्याचा लूप केला. ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’मधल्या ज्या व्हायोलिनांनी तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घशाशी आवंढा येतो, ती बँडचा गिटारवादक जॉनी मारने पुन्हा एम्युलेटरवरच वाजवली आहेत. कव्हरवर वाद्यवृंद म्हणून ‘हेटेड सॅलफर्ड आँसाम्बल’ असं नाव छापलंय, पण असा वाद्यवृंदच नव्हता. ‘बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन’मधला तो बारीक बायकी आवाज गायक मॉरिसीचाच आहे, यंत्राने वर चढवलेला. त्यालाही एका काल्पनिक बाईचं नाव दिलं आहे. यात फसवणूक आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. गिटारवर जीव असलेल्या माणसालाही त्या गाण्यासाठी जे हवं होतं ते यंत्रात सापडलं आणि त्याने ते घेतलं, इतकंच.

‘ग्रेसलँड’मध्ये तर ही गोष्ट आणखी खोल जाते. ‘यू कॅन कॉल मी अल’मधला बेसचा तो तुकडा आठवा, जिथे बाकी सगळे थांबतात आणि बकिथी कुमालोचा फ्रेटलेस बेस एकटा धावतो. हेडफोन लावून तेवढाच भाग ऐका. पहिल्या अर्ध्यात प्रत्येक सूर बोटाच्या टोकदार आघाताने सुरू होतो आणि मग विरतो. दुसऱ्या अर्ध्यात उलटं होतं, सूर फुगत येतो आणि एकदम तुटतो. कारण तो दुसरा अर्धा म्हणजे पहिल्याचीच टेप उलटी फिरवलेली आहे. त्या अल्बममधला सगळ्यात गाजलेला ‘हाताने वाजवलेला’ तुकडा निम्मा हाताचा आणि निम्मा टेपचा आहे. ज्याने तो वाजवला त्याचं कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण वाजवणाऱ्याचा हात आणि स्टुडिओ अशी रेघ तुम्ही ओढता, ती इथे ओढून दाखवा.

अल्बम घडला कसा तेही बघा. सायमन १९८५ मध्ये इंजिनियर रॉय हॅलीला घेऊन जोहान्सबर्गला गेला आणि तिथल्या वादकांकडून ठेके आणि साथ रेकॉर्ड करून परतला. तेव्हा बहुतेक गाण्यांना शब्द नव्हते, चाल नव्हती. अमेरिकेत आल्यावर त्या टेपा कापून, जोडून, पुन्हा पुन्हा ऐकून त्याने वर शब्द आणि चाल बसवली. आधी ट्रॅक, मग गाणं. मिनियापोलिसमध्ये ‘कंट्रोल’चे दोन प्रोड्यूसर, जिमी जॅम आणि टेरी लुईस, यांची रीत हीच होती. एका रीतीला तुम्ही कलावंताचा शोध म्हणता आणि दुसरीला कारखाना. का?

आता मुख्य प्रश्न: ‘कंट्रोल’मध्ये जॅनेटचं काय?

हा तिचा तिसरा अल्बम. १९८२ आणि १९८४ मध्ये तिचे दोन आले होते, आणि त्यात तिच्या पुढ्यात जे ठेवलं ते तिने गायलं. ते आज कुणी ऐकत नाही आणि न ऐकण्यात फारसं नुकसानही नाही. मग लग्न झालं आणि मोडलं. वडिलांच्या व्यवस्थापनातून ती बाहेर पडली. १९८५ मध्ये, १९ वर्षांची असताना, ती घरापासून लांब मिनियापोलिसला गेली. जॅम आणि लुईस यांनी सुरुवातीला तिला माइकसमोर उभंच केलं नाही. तिच्याबरोबर हिंडले, बोलत बसले. काम कधी सुरू करायचं असा प्रश्न तिला पडला होता, आणि ते तर सुरू झालेलंच होतं, कारण तिचं बोलणंच गाण्यांत जात होतं. ‘नॅस्टी’ तिथूनच निघालं. हॉटेलबाहेर काही पुरुषांनी तिची छेड काढली, ती घाबरून पळाली नाही, वळून त्यांच्यासमोर उभी राहिली. अल्बममधल्या बहुतेक गाण्यांच्या लेखनात तिचं नाव आहे, निर्मितीतही आहे. ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’चा ट्रॅक मुळात त्या दोघांनी स्वतःच्या अल्बमसाठी ठेवला होता, हे खरं. पण त्यावर ती जे म्हणते ते तेव्हाच्या तिच्या आयुष्याशिवाय कुणालाही म्हणता आलं नसतं.

तिचा आवाज पातळ आहे, असं तुम्ही लिहिलंय. आहे. मला तर तोच या अल्बमचा प्राण वाटतो. ‘नॅस्टी’ पुन्हा ऐका. खाली सगळं लोखंडी आहे: ठोके, मध्येच खणकन येणारे सॅम्पल, कर्कश सिंथ. एखादी मोठ्या गळ्याची गायिका यावर तुटून पडली असती आणि दोघांची नुसती झटापट ऐकू आली असती. जॅनेट तसं करत नाही. ती चार-पाच सुरांच्या आत राहते, निम्मं बोलते, निम्मं गाते आणि प्रत्येक शब्द ठोक्यांच्या मधल्या फटीत अचूक टाकते. लाडाच्या नावाने हाक मारणाऱ्याला आपलं नाव काय आणि त्याने आपल्याला कसं संबोधायचं हे ती सांगते, तेव्हा आवाज चढत नाही. ओरडली असती तर ती चिडलेली वाटली असती. आता ती हुकूम देणारी वाटते. हे कुठलंही ड्रम मशीन शिकवत नाही आणि प्रोड्यूसरला उसनं आणून देता येत नाही.

क्रमही बघा. शीर्षकगीताच्या आधी ती साध्या बोलण्यात सांगते की ही गोष्ट स्वतःच्या आयुष्याचा ताबा घेण्याची आहे. मग भांडणाची, हिशेब मागण्याची गाणी येतात. ‘व्हेन आय थिंक ऑफ यू’पाशी अल्बम हसतो, आणि शेवटी दोन संथ गाणी येतात. ‘लेट्स वेट अव्हाइल’मध्ये ती जोडीदाराला थोडं थांबू या म्हणते. सुरुवातीला ‘नाही’ म्हणण्याचा जो हक्क तिने झगडून मिळवला, तोच इथे मायेने वापरते. नऊ गाण्यांत एवढा प्रवास त्या वर्षी दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. ‘ही डझन्ट नो आय एम अलाइव्ह’ हलकं आहे, मान्य. पण ते तीन-साडेतीन मिनिटांत संपतं.

जाता जाता त्या शहराबद्दल. जॅम आणि लुईस मूळचे प्रिन्सने उभ्या केलेल्या ‘द टाइम’ या बँडमधले. दुसऱ्या एका बँडचं काम करायला अटलांटाला गेले, हिमवादळात अडकले, कार्यक्रम चुकला आणि प्रिन्सने त्यांना काढून टाकलं. तीन वर्षांनी, त्याच मिनियापोलिसमधून, एकाच वर्षी ‘कंट्रोल’ही आला आणि प्रिन्सचा ‘परेड’ही. ‘परेड’मधल्या ‘किस’मध्ये बेस नाहीच. नाचायचं गाणं, आणि त्यातून बेस काढून टाकलेला! मशीन हाताशी असताना काय ठेवायचं नाही हे ठरवणारा कान लागतो, तो या दोन्ही अल्बमांत आहे.

चौथ्या जागेवरच्या, रन-डीएमसी या रॅप गटाच्या ‘रेझिंग हेल’ला तुम्ही एका ओळीत ‘दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर बडबड’ म्हणालात, ते मला खरंच लागलं. पहिलंच गाणं, ‘पीटर पायपर’, ज्या घंटांवर उभं आहे त्या बॉब जेम्सच्या एका रेकॉर्डमधल्या आहेत. आणि ती चाल मूळची पॉल सायमनची, ‘टेक मी टू द मार्डी ग्रा’. म्हणजे १९८६ मध्ये एकीकडे सायमन जोहान्सबर्गच्या ठेक्यांवर स्वतःचे शब्द लिहीत होता आणि दुसरीकडे न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातली ही तीन पोरं सायमनच्याच गाण्याच्या एका वाद्यरूपातून दोन टर्नटेबलांवर नवीन ठेका काढत होती. त्यांचा डीजे जॅम मास्टर जे ज्या सफाईने तोच तुकडा एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर नेतो, त्यात हातच आहेत की!

बहिष्काराबद्दल. ‘ग्रेसलँड’ दुसरा ठेवण्याचं ते कारण नव्हतं, पण विषय काढला आणि पुन्हा काढीन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० मध्ये वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्काराचं आवाहन केलं होतं. सायमनने तिथे कार्यक्रम केला नाही, सन सिटी या तिथल्या करमणुकीच्या रिसॉर्टमध्ये गाण्याचं आमंत्रण नाकारलं, वादकांना अमेरिकेतल्या संघटनेच्या दराच्या तिप्पट मानधन दिलं, काही गाण्यांत त्यांना सहलेखनाचं श्रेय दिलं. पण वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला विचारलं नाही, आणि अनेकांना ते गैर वाटलं. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा हे दोन निर्वासित दक्षिण आफ्रिकी कलावंत त्याच्या बरोबर उभे राहिले, हेही तितकंच खरं. यातलं काहीही वगळून तुम्ही ‘होमलेस’ ऐकू शकता? जोसेफ शाबालाला आणि त्याचा दक्षिण आफ्रिकी गायकवृंद लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो यांचे ते आवाज, वाद्य नाही, ठेका नाही, फक्त गळे. ज्या देशात या माणसांनी कुठे राहायचं हे कायदा ठरवत होता, त्या देशातून ते बेघरपणाचं गाणं घेऊन आले होते. संगीतावर बोलायचं तर हे बोलावंच लागतं.

मग दुसरा का? कारण शेवटची दोन गाणी. ‘दॅट वॉज युवर मदर’ अमेरिकेतल्या लुइझियानाच्या झायडेको या लोकसंगीताच्या वादकांबरोबर आहे, शेवटचं लॉस लोबोस या अमेरिकन बँडबरोबर. अकॉर्डियन तिथेही आहे म्हणून सायमनला ते एकाच धाग्यातलं वाटलं असावं. मला मात्र ‘होमलेस’नंतर अल्बम हळूहळू घर सोडून जातो असं वाटतं. १९८७ च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘ग्रेसलँड’नेच ‘कंट्रोल’ आणि ‘सो’ यांना मागे टाकलं. तुमच्या बाजूने तेवढा दाखला आहेच.

‘द क्वीन इज डेड’ सातवा, कारण ‘फ्रँकली, मिस्टर शँकली’ आणि ‘व्हिकर इन अ टूटू’ ही मला रागाच्या भरात केलेली चुटकुली वाटतात. आणि ‘सम गर्ल्स आर बिगर दॅन अदर्स’मध्ये मारची गिटार इतकी सुंदर आहे की तिच्यावरचे शब्द ऐकून जीव हळहळतो. दहांतली सहा गाणी अजोड, हे मी मूळ लेखात म्हटलंय आणि त्यावर ठाम आहे. बॉन जोव्हीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’ यादीत नाही, कारण एकेकटी गाणी आवडूनही अख्खा अल्बम मला कधी पुरला नाही. याहून जास्त त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

राहता राहिला ‘मास्टर ऑफ पपेट्स’. तो ‘ग्रेसलँड’च्या वर हवा होता, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या सगळ्या मुद्द्यांत मला हाच सर्वांत वजनदार वाटतो. ‘ओरायन’च्या मध्यावर सगळं शांत होतं, मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनचा बेस एकटा चालायला लागतो आणि गिटारी एकेक करून त्याच्या भोवती जमतात. त्या वर्षीच्या कुठल्याही वाद्यसंगीताच्या शेजारी मी ते ठेवीन. सप्टेंबरात स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता. माझी अडचण ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ची आहे. ‘बॅटरी’ आणि शीर्षकगीताच्या वेगानंतर ते मला जडशीळ वाटतं, रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, एकाच जागी पाय रोवून बसते. तुम्हाला तिथे काही वेगळं ऐकू येत असेल, तर नेमकं कुठे ते लिहा, मी त्या जागेपासून पुन्हा ऐकते.