आन्ना आंकर यांच्या चित्रातली मुलगी उदास नाही

डेन्मार्कच्या आन्ना आंकर यांचं ‘निळ्या खोलीतलं ऊन’ हे १८९१ चं चित्र एका मजकुरासह बरंच फिरतंय. त्याचा आशय असा: ही घरात कोंडलेली, एकटी, उदास मुलगी आहे. चित्रात काहीच घडत नाही. चित्रकर्ती म्हणजे नवऱ्याकडून चित्रकला शिकलेली गृहिणी, बाहेरचं काही जमेना म्हणून तिनं घर रंगवलं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते ‘नवऱ्याकडून शिकलेली’. आन्ना यांचं लग्न झालं १८८० मध्ये. त्याआधीच, १८७५ पासून, त्या कोपनहेगनला विल्हेल्म क्यून यांच्या चित्रशाळेत शिकत होत्या. तिथल्या रॉयल अकादमी या सरकारी कलाशाळेची दारं बायकांना १८८८ पर्यंत बंदच होती, त्यामुळे खासगी शाळेशिवाय मार्गच नव्हता. पुढे १८८९ मध्ये, मूल झाल्यानंतर, त्या पॅरिसला जाऊन फ्रेंच चित्रकार प्युव्ही द शावान यांच्याकडे शिकल्या. नवऱ्यानं, म्हणजे चित्रकार मिकाएल आंकर यांनी, त्यांना प्रोत्साहन दिलं, ते नाकारायचं कारणच नाही. पण म्हणून सगळं श्रेय त्यांच्या पदरात कसं टाकता येईल?

आता मुलगी. ती आन्ना यांची लेक हेल्गा, जन्म १८८३ चा. डेन्मार्कमधल्या स्कागेन या गावात आन्ना यांच्या माहेरचं ब्रोन्डुम हॉटेल होतं, तिथेच आजीच्या खोलीत बसून ती क्रोशाचं विणकाम करतेय. मान खाली आहे, कारण नजर हातातल्या टाक्यांवर आहे. विणकामात रमलेल्या आठेक वर्षांच्या पोरीच्या माथी दुःख कशाला मारायचं? आणि ‘कोंडलेलं बालपण’ म्हणाल, तर हीच हेल्गा मोठी होऊन स्वतः चित्रकार झाली.

‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांनी भिंतीकडे बघितलेलं दिसत नाही. खिडकीतून आलेलं ऊन समोरच्या निळ्या भिंतीवर तुकड्यांनी पडलंय आणि त्यात खिडकीतल्या झाडांच्या सावल्या उमटल्या आहेत. तेच ऊन मुलीच्या सोनेरी केसांवर आहे. ऊन पडतं तिथे निळा उजळतो, बाजूला सावलीत गडद होतो. शेजारी पिवळसर, तपकिरी छटा असल्यामुळे तो निळा आणखी निळा दिसतो. चित्राचा विषय हाच आहे, नावातच तो सांगितलाय. मुलगी त्या उन्हात बसली आहे, एवढंच. ही नजर कमवायला वर्षं लागतात.

राहिलं ‘बाहेरचं जमेना’. त्याच १८९१ साली आन्ना यांनी ‘अंत्यविधी’ हे मोठं चित्र पूर्ण केलं. शवपेटीभोवती गावातली माणसं जमली आहेत, आणि ते आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. १९०३ मध्ये त्यांनी उघड्यावर प्रवचन ऐकायला बसलेला अख्खा जमाव रंगवला. निळी खोली त्यांनी रंगवली, कारण त्यांना ती रंगवायची होती.