किचन सोबत नेणारी सुट्टी मला नको

दिवाळी झाली की आमच्या भिशीच्या ग्रुपवर सहलीचे बेत सुरू होतात. यंदा सगळ्यांना कॅराव्हॅनचं वेड लागलंय. रोज एक रील पडते. मागे पलंग, मध्ये ओटा, कोपऱ्यात टॉयलेट, बाहेर ओढून घ्यायचं छप्पर, आणि खाली बदामांची रांग. मी तंबूत राहिलेय आणि त्या चाकावरच्या घरातही, म्हणून "तंबू की कॅराव्हॅन, तू सांग गं, तू सांग गं" चाललंय. ग्रुपवर लिहिलं तर तिसऱ्या ओळीनंतर कुणी वाचणार नाही, मध्येच कुणीतरी शुभ सकाळ टाकेल. म्हणून इथे लिहिते.

थंडीचे दिवस असतील आणि सोबतची माणसं हातीपायी धड असतील, तर आपल्या भागात तंबूच. आणि तुम्हाला वाटतंय ते कारण नाही. चांदणं, पाखरं, मोकळी हवा हे सगळं आहेच. माझं कारण ओटा आहे.

आम्ही भाड्याने कॅराव्हॅन घेतली होती. लातूरहून औसा, नळदुर्ग, तुळजापूर, येडशीचं रामलिंग आणि परत. सासू-सासरे, नवरा, नववीतला मुलगा आणि मी. नळदुर्गला किल्ल्याच्या अलीकडे गाडी लावली. नवऱ्याने बाजूचं छप्पर ओढलं, खुर्च्या मांडल्या, सगळे बोरी नदीकडे तोंड करून बसले. सासऱ्यांना बिनसाखरेचा चहा हवा होता, लेकाला मॅगी, सासूबाईंना काहीतरी उपासाचं. आतल्या ओट्यापाशी एकच माणूस मावतं. ते एकच माणूस कोण, हे न विचारता ठरलं. मला कुणी "जा, कर" म्हटलं नाही हो, उगाच नवऱ्याला टोमणे मारू नका. ओटा दिसला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. घरच्या खिडकीतून मला समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते, इथल्या खिडकीतून नळदुर्गचा बुरूज दिसत होता. हातात तीच चिमटा-पकड, समोर तोच उतू जाणारा चहा. रात्री जेवण झाल्यावर त्या एवढ्याशा सिंकमध्ये भांडी घासताना लक्षात आलं की आपण घर सोडून आलोच नाही, घराला चाकं लावून आणलंय. घर आणलं की घराची वहिवाटही येते. कोण कुठे बसणार, कोण उठणार, कुणाला आयतं मिळणार, सगळं.

तंबूत हे जमतच नाही. शेगडी बाहेर, जमिनीवर. वारा असतो, म्हणून एकाला आडोसा धरून बसावं लागतं. एकाला पाणी आणावं लागतं. अंधार पडला की कुणीतरी बॅटरी धरायची. ओटाच नाही म्हटल्यावर ओट्याची मालकीण कोण? आमच्याकडे तंबूत खिचडी नवरा करतो, आणि घरी ज्याला जिऱ्याचा डबा सापडत नाही तो तिथे फोडणीला काय आधी घालायचं यावर मुलाला व्याख्यान देतो. खिचडी बरी होते. कधी खाली लागते. मी बसून असते.

हुरड्याच्या दिवसांत तर विचारूच नका. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, ज्वारीची कणसं निखाऱ्यात खुपसायची, भाजली की गरम गरम चोळायची, फुंकर मारून भुस उडवायचं, ही कामं आमच्याकडे गडीमाणसंच करतात आणि त्याचा त्यांना अभिमानही असतो. आपण पुढ्यात हात पसरायचा. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही घरून नेलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत हुरडाही कोवळा असतो आणि तंबूचे दिवसही तेच. यापेक्षा वेगळं कसलं पॅकेज लागतं?

आता कॅराव्हॅनची दुसरी गोष्ट, जी रीलमध्ये कधी दिसत नाही. ती गाडी कुठे मुक्काम करते माहितीये? जिथे सॉकेट मिळेल तिथे. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि आतल्या घराची वेगळी. दिवे, पंखा, फोन चार्जिंग एवढं ती घरची बॅटरी सहज ओढते. रात्रभर एसी चालवायचा तर जनरेटर लागतो, मोठी बॅटरी लागते किंवा बाहेरून वायर. अमेरिकेत याचे मोठाले कॅम्पग्राउंड असतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गाडीच्या जागेलाच वीज, पाणी आणि सांडपाण्याचं कनेक्शन मिळतं. तिथे ही गाडी शोभते, कारण तिच्यासाठी सगळी व्यवस्था आधीपासून उभी आहे. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहेही. पण आमच्या वाटेवर आम्हाला असं एकही पार्क लागलं नाही. मग काय, तुळजापूरच्या पुढे एका ढाब्याच्या आवारात रात्र काढली. डावीकडे उसाच्या ट्रॉल्या, उजवीकडे ट्रक, वर ढाब्याची पाटी लुकलुकतेय. एवढे पैसे मोजून मी त्या रात्री जे ऐकलं ते एअर हॉर्न होते.

आणि टाक्या. पिण्या-वापरायच्या पाण्याची एक, भांड्या-आंघोळीच्या सांडपाण्याची दुसरी, संडासाची तिसरी. पहिलीचं मला काही वाटलं नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं जिने पाहिलंय त्या लातूरकर बाईला शंभर लिटर कसं पुरवायचं हे शिकवावं लागत नाही. तिसरीचं काय करायचं? गाडी देणारा म्हणाला होता, "काही टेन्शन नाही, होतं कुठेतरी." ते 'कुठेतरी' म्हणजे ड्रायव्हरने एका ओढ्याच्या पुलापाशी गाडी हळू केली तेव्हा कळलं. मी आरडाओरडा केला, गाडी पुढे घेतली, शेवटी एका ओळखीच्या मंगल कार्यालयाच्या संडासाच्या टाकीत ते रिकामं केलं. ओळख नसती तर?

पण टॉयलेटचा मुद्दा मी झटकणार नाही. बायकांना तंबूला नाही म्हणायला लावणारी खरी गोष्ट तीच आहे, साप-विंचू नाही. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन बांधाकडे जायचं म्हणजे अर्ध्या जणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी तेही केलंय आणि ते वाईट आहे. आता आम्ही उभा, अरुंद असा वेगळा छोटा तंबू नेतो, त्यात घडीचं कमोड, खाली खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं. पाळीच्या दिवसांचं सगळं सामान पिशवीत परत घरी. ही सोय नसेल तर मी स्वतःही जात नाही, आणि ज्या ग्रुपमधले पुरुष "एवढं काय, शेतच आहे" म्हणतात त्यांच्याबरोबर तर मुळीच नाही. म्हातारी माणसं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, तान्ही लेकरं सोबत असतील तर कॅराव्हॅन घ्या, खुशाल घ्या. ती त्यांच्यासाठीच आहे.

तंबूवाल्यांसाठी आता कामाचं. ऑनलाइन जे व्हिडिओ असतात ते बहुतेक डोंगरातले, गवताळ जमिनीवरचे. आपलं काळं रान वेगळं आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तंबूसोबत मिळणारी बोटभर खुंटी तिच्यात लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि पहिल्या वाऱ्याला तशीच बाहेर येते. माळावर मुरुमात जा, तिथे तीच खुंटी वाकते. आम्ही दुकानच्या खुंट्या घरी ठेवतो आणि जनावरं बांधायच्या लोखंडी खुंट्या नेतो, शेतावरच्या पहारीने आधी भोक पाडून ठोकतो, डोकं तंबूपासून लांब कलतं. धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेराची जमीन दिसायला सपाट, मऊ, फोटोला फार छान; तिथे तर काहीच धरत नाही. मग किराण्याच्या कापडी पिशवीत माती भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी आडवी पुरायची.

सोयाबीन काढलेल्या रानात तंबू ठोकू नका. ती धसकटं ट्रॅक्टरच्या टायरला सोडत नाहीत, तुमच्या तंबूचा तळ काय चीज आहे. सराटे असतील तर जागा खराट्याने झाडून घ्या, मग ताडपत्री, मग तंबू. ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर दव तिच्यावर साचून खाली जातं.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, हे आमच्या मुलाला दोन ब्लँकेटं पांघरून कुडकुडल्यावर पटलं. अंगाखाली दबलेलं ब्लँकेट पातळ होतं, त्यातली हवा जाते, ऊब जाते. जाड चटई आणि तिच्यावर घरची वाकळ, बस. परभणीकडे पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो, तिथल्या मंडळींनी दोन वाकळा न्याव्यात. आणि सकाळी तंबूचं वरचं कापड आतून ओलं दिसलं की दुकानदाराला फोन करू नका. तंबू गळत नाही. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की आणखी होतं. वरची जाळी उघडी ठेवा, दार वाऱ्याच्या पाठीला. बूट आत घ्या, चेन पूर्ण लावा. एवढं केलं की विंचवाचं टेन्शन संपलं.

मांजरा धरणाच्या फुगवट्यापाशी नवऱ्याच्या मित्राचं शेत आहे, आम्ही बहुतेक तिथे जातो. तिथल्या एका रात्रीची गोष्ट. शेतीपंपाची लाईट मध्यरात्री आली आणि एकेक करत चहूकडच्या मोटारी सुरू झाल्या. थोड्या वेळाने बॅटरीचा झोत आमच्या तंबूवर. शेजारच्या रानातले आजोबा हरभऱ्याला पाणी द्यायला आले होते, हातात काठी. "कोण हाय? इथं कशाला झोपायलाव? लेकराला थंडी वाजंल की. घर हाय आमचं, चला." नवरा बाहेर गेला, चहा टाकला. आजोबा बसले, रानडुकरांनी हरभरा कसा लोळवला ते सांगितलं, आमची खुंटी हलवून पाहिली, नापसंतीने मान हलवली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा ठोकली. कॅराव्हॅनचं दार असं कुणी वाजवलं नाही. येडशीजवळ पोरांनी गाडीला गराडा घातला होता खरा, पण आत कोण हिरो बसलाय ते बघायला. मी उतरले तर त्यांचा फार विरस झाला.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. त्याच शेताच्या पलीकडे दर हंगामात ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. बीडकडची माणसं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला आलेले. तिथल्या बाया आमच्या आधी तीन-चार तास उठतात, अंधारात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतात आणि मग उसाच्या फडात जातात. त्या कोपीतही ओटा नाही. तरी मी वर जे लिहिलं त्यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. तंबूमुळे बाईची कामातून सुटका होते असं माझं म्हणणं नाही, माझी होते, दोन दिवस, कारण मी हौसेने गेलेले असते आणि सोमवारी ऑफिसला परत यायचं असतं. त्यांच्यातली एक जण आमच्या निळ्या-नारिंगी तंबूकडे बघून म्हणाली होती, "ताई, घर पडलं का तुमचं?" मला काही उत्तर सुचलं नाही.

हाच प्रश्न माझ्या सासूबाईंचाही आहे, वेगळ्या कारणाने. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या औसा तालुक्यात होत्या. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. घराच्या भिंती राहिल्या, पण आत झोपायची कुणाची हिंमत नव्हती. अंगणात ताडपत्री बांधून, वरून पाऊस, त्यात लहान लेकरं घेऊन त्यांनी कित्येक रात्री काढल्या. त्यामुळे पैसे खर्चून ताडपत्रीखाली झोपायला जाणं हा त्यांच्या मते शुद्ध वेडेपणा आहे. कॅराव्हॅन त्यांना मनापासून आवडली होती. "दार आहे, कडी आहे," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पण हुरडा त्यांना हवा असतो. म्हणून या जानेवारीत त्या येणार आहेत, आणि झोपण्याचं त्यांनीच ठरवलंय: तंबूत नाही, गाडीत नाही, मित्राच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नाही. आगटीजवळ उघड्यावर बाज टाकायची, वर काही नको. बाज आमच्या गाडीच्या टपावर मावते का ते नवरा आत्ता खाली टेप घेऊन मोजतोय. मावली नाही तर भिशीतल्या कुणाकडे कॅरिअरवाली गाडी आहे ते कमेंटमध्ये कळवा, हुरडा आमच्याकडून.