बसतोय की!

गाडी जोडून झाली की मूठभर बोल्ट उरतात, हा विनोद ज्यानं पहिल्यांदा केला त्याची गाडी कोकणात राहिलेली नसणार. आमची राहिली होती. सासऱ्यांची मारुती ८००, सगळं आयुष्य रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आंबा घाट चढून ती कोल्हापुरात आली तेव्हा वरून लालचुटुक दिसत होती आणि खालून पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आरपार जात होता. पत्राकामासाठी ती पूर्ण खोलावी लागली. निम्मे बोल्ट पान्याखाली पिरगळून तुटले, काहींची डोकी गोल झाली, काहींना ग्राइंडर लावावा लागला. वाचले तेवढे मिस्त्रींनी श्रीखंडाच्या डब्यात भरून माझ्या हाती दिले.

"ह्याच्यासारखे घेऊन या. उद्यमनगरात पोत्यानं पडल्यात."

पोत्यानं पडलेत हे खरंच होतं. उद्यमनगरात ओतकामापासून लेथपर्यंत सगळं एका हाकेवर मिळतं आणि बोल्ट तर किलोवर विकतात. म्हणजे बोल्ट विकत घेणं अजिबात अवघड नाही. अवघड आहे तो 'ह्याच्यासारखा'.

गल्ल्यावर बसलेले शेठ सत्तरीच्या पलीकडचे. मी डब्यातला एक बोल्ट पुढे केला.

"किती सूत?"

मी म्हटलं, "मिलिमीटरमध्ये आहे, शेठ. जपानी गाडी."

त्यांनी बोल्ट दोन बोटांत फिरवला. "अडीच सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. माझा बोल्ट आठ मिलिमीटरचा. सहा शतांशांचा हा फरक डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळला तर कळला, पण आट्यांना, म्हणजे बोल्टवरच्या पेचांना, मात्र पक्का कळतो. अडीच सुतीचे आटे इंचाच्या हिशेबानं पाडलेले आणि माझ्या बोल्टचे सव्वा मिलिमीटरच्या अंतरानं. शेठना हे सांगणं म्हणजे त्यांच्या वयाचा अपमान होता, म्हणून मी नुसतं "मिलीमध्येच द्या" म्हणालो. त्यांनी पोऱ्याला खूण केली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आज पोरगी बघायला आलेला हा मुलगा पत्रिकाही मागणार.

आठचा बोल्ट आला. व्यास बरोबर, आटे बरोबर, लांबीही बरोबर (ती डोक्याखालून मोजतात, हे मला त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांनी न विचारता सांगितलं). फक्त डोकं मोठं. जपानी पद्धतीत आठच्या बोल्टला बाराचा पाना लागतो. आपल्या बाजारातल्या बोल्टला तेराचा. दहाच्या बोल्टला जपानी गाडीत चौदाचा, बाजारात सोळाचा नाहीतर सतराचा. आपल्याकडे बारा-तेराचा दुतोंडी पाना घरोघरी का असतो याचा उलगडा मला तिथे झाला. एक तोंड कंपनीसाठी, दुसरं बाजारासाठी. एक मिलिमीटरनं काय बिघडतं? उघड्यावर काही बिघडत नाही. पण जिथे बोल्टचं डोकं खोबणीत बसतं आणि भोवती पान्यापुरतीच जागा सोडलेली असते, तिथे तेराचं डोकं आत जातं आणि पाना बाहेर राहतो.

खरा छळ दहाच्या बोल्टनं केला. आपल्या बाजारात दहाचा बोल्ट मागितला की दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा मिळतो. गाडीत मात्र बारीक आटे, सव्वाचे. व्यास तोच, रंग तोच, वजनही हाताला तेच लागतं. दीडचा बोल्ट सव्वाच्या नटात पहिला फेरा निमूटपणे घेतो. मग जरा जड होतो. अजिबात न जाणारा बोल्ट प्रामाणिक म्हणायचा, तो लगेच परत करता येतो. थोडासा जाणारा बोल्ट घात करतो, कारण या थोडा जाण्या-न जाण्याच्या वेळी शेजारी मिस्त्री उभे असतात.

"बसतोय की! पाना लावा."

पाना लावला की तो बसतोच. पाना लावल्यावर काहीही बसतं. पण आतले आटे मरतात आणि पुढे कधीतरी तोच बोल्ट काढायची वेळ आली की आटे त्याच्याबरोबर गुंडाळी होऊन बाहेर येतात. मी मिस्त्रींच्या हातातून पाना काढून घेतला. मिस्त्रींना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी माझा चहा प्यायला नाही.

याच सुमारास शेजारचे काका प्रकरणात शिरले. काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. निवृत्त होताना इतरांना घड्याळ मिळतं, यांनी मिलिमीटरचे बारीक अंश मोजणारा व्हर्निअर आणला. आट्यांचं अंतर मोजायची गेजही त्यांच्याकडे आहे, पंख्यासारखी उघडणारी, प्रत्येक पात्याला वेगळे दात. त्यांनी श्रीखंडाचा डबा वर्तमानपत्रावर ओतला, एकेक बोल्ट मोजून वहीत लिहिला आणि मग मला डोक्यांवरचे आकडे वाचायला बसवलं.

बाजारातल्या चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं असतं. मला इतकी वर्षं ती किंमत वाटायची. पहिल्या आकड्याला शंभरनं गुणायचं. ८.८ चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसतो आणि मग तुटतो. ठिपक्यानंतरचा ८ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, तो कायमचा लांबायला लागतो. लांबतो म्हणजे काय? काका म्हणाले, आवळलेला प्रत्येक बोल्ट किंचित ताणलेलाच असतो. त्याला पुन्हा आखडायचं असतं, त्या ओढीनंच दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. ज्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नाही तो बहुतेक साध्या मऊ लोखंडाचा, त्याला खिडकीच्या ग्रिलवर पाठवावं.

हे ऐकून मेहुणा उत्साहात आला. गाडी त्याच्या वडिलांची, तेव्हा भावना त्याच्या आणि धावपळ माझी अशी विभागणी होती. "भाऊजी, मग सगळीकडे १२.९ च लावून टाका. पैसे मी देतो." मोठा आकडा म्हणजे चांगला बोल्ट, हे त्याचं गणित शाळेतल्या टक्क्यांपासूनचं आहे. १२.९ चा बोल्ट कडक असतो आणि कडकपणाबरोबर त्याचे नखरेही येतात. त्याला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा नीट काळजी न घेता चढवला, तर त्या प्रक्रियेतला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी, कोणी हात न लावता, तुटतो. मुलामा नको म्हणावं तर काळा बोल्ट पहिल्या पावसात तांबडा. शिवाय समोरचा नट, पत्र्याला डकवलेला, जुन्या कुवतीचा. बोल्ट कितीही पैलवान आणला तरी कुस्ती नटाच्या ताकदीपर्यंतच होणार.

"मग स्टेनलेस स्टील," मेहुणा म्हणाला. दिसायला देखणं, गंज नाही, रत्नागिरीकर माणसाला याहून काय हवं! पण नेहमीच्या स्टेनलेस बोल्टवर ए२-७० असं लिहिलेलं असतं. त्यातला ७० म्हणजे ७०० न्यूटन, ८.८ पेक्षा कमी. वर स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर आटे एकमेकांना असे चावून धरतात की पुढे जात नाहीत आणि मागेही येत नाहीत. आम्ही स्टेनलेस नंबरप्लेटला लावले. मेहुण्यानं त्यांचे फोटो सासऱ्यांना पाठवले. सासरे म्हणाले, गाडी छान दिसतेय.

उद्यमनगरातला लेथवाला सर्वांत दिलदार. "कशाला हिंडतायसा? नमुना द्या, संध्याकाळपर्यंत काढून ठेवतो." आणि तो काढेलही, त्या गल्लीत लेथवर काय निघत नाही? पण कारखान्यातल्या बोल्टचे आटे कापलेले नसतात, दोन साच्यांच्या मध्ये लाटून उमटवलेले असतात. त्यामुळे पोलादाचे तंतू न तुटता आट्यांच्या वळणानं जातात. लेथवर ते कापले जातात आणि आट्याच्या तळाशी तडा जायला जागा होते. त्याच्याकडून मी एक झाकणाची खुंटी करून घेतली, नाही म्हणवेना.

हळूहळू डबा रिकामा होत गेला. चौदाच्या डोक्याचे सव्वा आट्यांचे बोल्ट सुट्या भागांच्या एका जुन्या दुकानात निघाले. तिथला मुलगा "जपानी आटे" म्हटल्याबरोबर खोका काढून देणारा, म्हणून त्याच्याबद्दल मला अजूनही आदर आहे. राहिला एकच, सीटबेल्ट खांबाला धरणारा. नमुना होता, पण एका बाजूनं गंजून सडलेला.

काकांनी व्हर्निअर लावला. ११.१. पुन्हा लावला. ११.१. दहाचा झिजून लहान होईल, पण फुगेल कसा? बाराचा म्हणावा तर भोकात शिरत नाही. गेजचं सव्वाचं पातं टेकवलं तर बसल्यासारखं वाटतं आणि उजेडात धरलं की टोकाला हलकीशी फट. काकांनी गेज पुसली, चष्मा पुसला, वहीत प्रश्नचिन्ह काढलं. त्यांच्या वहीत मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

मी तो घेऊन शेठकडे गेलो. त्यांनी दोन बोटांत फिरवला.

"साडेतीन सूत. बारीक आटे."

सात सोळांश इंच, इंचाला वीस आटे. बाकीची गाडी मिलिमीटरची असली तरी सीटबेल्टच्या बोल्टला जगातल्या बहुतेक गाड्यांत हेच इंची माप असतं, हे मला नंतर वाचनात आलं. शेठना ते वाचायची गरज पडली नव्हती. त्यांनी खोक्यात हात घातला, तसलाच एक बोल्ट काढला, डोकं उलटून पाहिलं आणि परत खोक्यात टाकला.

"आहे की, शेठ! द्या ना."

"माप तेच हाय. पर डोक्यावर काय बी लिवलेलं न्हाई. ह्याला माणूस बांधू नये. कंपनीचाच मागवा."

या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तेव्हा कंपनीचा बोल्ट मागवणं हे स्वतंत्र प्रकरण झालं. त्यात फोन आणि पार्ट नंबर भरपूर, विनोद फारसा नाही. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत एकटा बोल्ट आला. मी स्वतः तो हातानं शेवटपर्यंत फिरवत नेला आणि मग पाना लावला.

मिस्त्री रिकामी पिशवी उलटसुलट करून बघत होते. "ह्या एकासाठी गाडी एवढे दिवस उभी ठेवलीसा?" मग पलीकडच्या दारातून आत वाकले आणि तिकडच्या बेल्टचा बोल्ट बोटांनी चाचपला.

"आन् ह्यो? ह्यो तर नुसताच फिरतोय."