चित्र वाकडं झालं म्हणजे ट्यूब गेली असं नाही

जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीन सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय: "आर्केडचं चित्र वाकडं झालं म्हणजे पिक्चर ट्यूब संपली. रंगाचे डाग असतील तर स्पीकरचं चुंबक काचेवरून फिरवा. नाहीतर सगळे कंडेन्सर बदला, मागचे प्रीसेट फिरवून चित्र बसवा. मशीन बंद असली की करंटची भीती नाही. तरी नाही जमलं तर ट्यूब कबाड्याला द्या आणि एलसीडी बसवा, फरक कळतही नाही."

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या एका मित्राने हे वाचून कबाड्याशी बोलणीसुद्धा केली होती. त्याच्या मशीनमधली वीस इंची ट्यूब धडधाकट होती. म्हणून हा मेसेज वाक्यावाक्याने तपासतो, फक्त क्रम थोडा बदलून. ज्या वाक्याने जीव जाऊ शकतो, ते आधी.

"बंद असली की करंटची भीती नाही." साफ खोटं. रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे काचेवर रबराच्या टोपीखाली जाड वायर जिथे जोडलेली असते तिथे, 20 ते 25 हजार व्होल्ट असतात, आणि ट्यूब स्वतःच एका मोठ्या कंडेन्सरसारखी तो साठा धरून ठेवते. प्लग काढल्यावर तासांनी, कधी दिवसांनीही झटका बसतो. झटक्याने हात मागे जातो, कोपर ट्यूबच्या मानेवर आपटतं आणि मान तुटली की ट्यूब खरोखर संपते. म्हणून प्लग काढून, जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला क्लिपची वायर लावायची, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर ताणलेल्या उघड्या तारेच्या जाळीला जोडायचं, आणि मग पातं रबराच्या टोपीखाली सरकवायचं. दुसरा हात पाठीमागे. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण थोडा साठा परत वर येतो. वायर जाळीलाच जोडायची, बोर्डाच्या ग्राउंडला नाही, नाहीतर आयसी जातात. पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सरही विसरू नका. आपल्या 230 व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायमध्ये त्यावर तीनशेच्या वर डीसी असू शकतो.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. बऱ्याच जुन्या आर्केड मॉनिटरची चेसिस, म्हणजे ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड, थेट मेन्सशी जोडलेली असते आणि त्यांना मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. कॅबिनेटमध्ये तो होता आणि कोणीतरी काढून टाकलाय, असं दिसलं तर तो परत बसेपर्यंत मशीन चालू करू नका.

आता मुख्य दाव्याकडे येतो, "वाकडं चित्र म्हणजे ट्यूब संपली." ट्यूब म्हातारी झाली की चित्र मंद होतं, सुरू झाल्यावर उजळायला मिनिटं लागतात, एखादा रंग फिका पडतो, पांढरा भाग चंदेरी होऊन पसरतो. आकार बिघडत नाही. आकार ठरवतो ट्यूबच्या मानेवरचा योक, म्हणजे इलेक्ट्रॉनचा किरण वळवणारी तारेची गुंडाळी, आणि योकला करंट पुरवणारे व्हर्टिकल (उभा) आणि हॉरिझॉन्टल (आडवा) सेक्शन. म्हणजे चित्र कसं वाकलंय हे नीट पाहिलं तर बिघाड कुठे आहे हे तेच सांगतं, आणि मेसेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली आहे.

चित्र वरच्या बाजूला स्वतःवर दुमडलंय, पांढऱ्या तिरप्या रेषा दिसतायत, तर व्हर्टिकल आयसीच्या शेजारचा लहान कंडेन्सर पाहा. किरण खालून परत वर न्यायला जो जास्तीचा व्होल्टेज लागतो, तो याच कंडेन्सरमधून मिळतो. खालचा भाग चेपलाय, तर योकला सिरीजमध्ये जोडलेला मोठा कंडेन्सर सुकलेला असण्याची शक्यता जास्त. चित्र चौकोनी न राहता एका बाजूला निमुळतं झालंय, तर योकच्या गुंडाळीतले काही वेढे आपसात शॉर्ट झालेत, तिथे कंडेन्सर बदलून काही होत नाही. चित्र सरळ आहे पण सगळंच कलंडलंय, तर योकचा पट्टा ढिला झालाय, फक्त फिरवून कसायचा. मोठ्या ट्यूबमध्ये डाव्या-उजव्या कडा आत ओढल्यासारख्या दिसल्या तर त्या कडा सरळ ठेवणारं वेगळं सर्किट तपासायचं. आणि सगळं चित्र एका आडव्या रेषेत गोळा झालं तर आधी ब्राइटनेस खाली करा, ती रेषा काचेमागचा चमकणारा थर, फॉस्फर, जाळते.

बाजू सापासारख्या थरथरत असतील तर त्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण परदेशी माहिती वाचून इथले लोक याच ठिकाणी चुकतात. अमेरिकेत मेन्स 60 हर्ट्झची आणि गेमचं चित्रही साधारण 60 चं, म्हणून सप्लायमधली गुणगुण, म्हणजे डीसीत शिरलेला मेन्सचा चढउतार, तिथे चित्रावर हळूहळू सरकणाऱ्या लाटेसारखी दिसते. आपली मेन्स 50 ची. कॅपकॉम या गेम कंपनीचा सीपीएस-1 बोर्ड सेकंदाला साधारण 59.6 वेळा चित्र काढतो. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तीच गुणगुण इथे वेगाने थरथरते. लोकांना वाटतं योक गेला, आणि बहुतेकदा सुकलेला असतो सप्लायचा फिल्टर कंडेन्सर.

तसंच इथल्या अनेक पार्लरांच्या प्लायवूडच्या मशीनमध्ये साध्या रंगीत टीव्हीची चेसिस बसवलेली असायची. आपला टीव्ही 50 हर्ट्झचा. केवळ 50 साठी बनलेल्या जुन्या चेसिसवर 60 चा गेम लावला की किरणाला खाली उतरायला कमी वेळ मिळतो आणि चित्राची उंची सुमारे सहाव्या भागाने कमी भरते. यात काहीच बिघडलेलं नसतं. हाइट आणि व्हर्टिकल होल्डचे प्रीसेट, म्हणजे चेसिसवरची फिरवून जुळवायची छोटी बटणं, हलवले की चित्र बसतं.

प्रीसेटचा विषय निघालाच आहे. मेसेज म्हणतो "मागचे प्रीसेट फिरवून चित्र बसवा." हाइट, व्हर्टिकल लिनिअॅरिटी, होल्ड हे फिरवायला हरकत नाही, आधी मूळ जागी पेनने खूण करा म्हणजे झालं. पण रुंदी वाढवायला बी प्लसचा, म्हणजे चेसिसच्या मुख्य डीसी सप्लायचा, प्रीसेट कधीच नाही. तो व्होल्टेज चेसिसवर किंवा सर्किटवर छापलेला असतो, तेवढाच मीटरवर यायला हवा. तो वाढवला की ईएचटी (अॅनोडचा उच्च व्होल्टेज) वाढते, तो तयार करणारा एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) तापतो आणि ट्यूबमधून निघणारे क्ष-किरणही वाढतात. रुंदीसाठी वेगळी कॉइल असते, तिचा फेराइटचा गाभा प्लास्टिकच्या चावीनेच फिरवायचा. लोखंडी अॅलन कीने तो तडकतो आणि मग आतच अडकून बसतो. मानेवरच्या रंग लावून बंद केलेल्या कड्यांना आणि योकखालच्या रबरी पाचरांना तर हात लावू नका. त्यांनी तीन रंग एकमेकांवर जुळवलेले असतात, आकाराशी त्यांचा संबंध नाही.

"सगळे कंडेन्सर बदला" यात अर्धं खरं आहे, आणि नागपुरात ते अर्धं खरं जरा जास्तच खरं ठरतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि बंद प्लायवूडच्या पेटीत त्याहून जास्त, असे कितीतरी उन्हाळे या मशीननी काढलेत. सीताबर्डीच्या बाजारात पार्ट घ्याल तेव्हा 85 अंशांचा कंडेन्सर घेऊ नका, 105 चा मागा. त्यातही एक सोपी परीक्षा आहे. डिसेंबरच्या सकाळी चित्र आखूड असतं आणि दहा मिनिटांत उघडतं, तर कंडेन्सर सुकलाय. उलट गार असताना ठीक आणि तापल्यावर बिघडतं, तर ड्राय सोल्डर (सुटत आलेला सोल्डरचा जोड) किंवा बिघडलेला आयसी शोधा. योकचा कनेक्टर आणि एलओटीचे पाय भिंगाखाली पाहा, पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं की तिथे पुन्हा सोल्डर द्यायचा.

पण "सगळे" या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरजवळ उच्च व्होल्टेजचा एक फिल्म कंडेन्सर असतो. त्याचं मायक्रोफॅरडमधलं मूल्य कमी झालं तर ईएचटी धोकादायक वाढते. "जवळपासचा चालेल" म्हणून तिथे काहीही लावायचं नाही, तेच मूल्य, तोच प्रकार, तेवढाच व्होल्टेज. बदलायची गरज नसेल तर त्याला तसाच राहू द्या.

"चुंबक फिरवा." नको. रंगाचे डाग पडतात कारण काचेमागची लोखंडी जाळी, शॅडो मास्क, चुंबकित होते. कायमचं चुंबक तिला आणखी चुंबकित करतं, आणि जोरदार असेल तर जाळी वाकते, मग तो डाग जन्माचा. लागते ती डिगॉस कॉइल, म्हणजे चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी. एसीवर चालू करून काचेसमोर गोल फिरवायची, तशीच चालू ठेवून हळूहळू सहा-सात फूट मागे जायचं आणि मग बंद करायची. मशीनमधली स्वतःची कॉइल थंड असताना सुरू करतेवेळीच काम करते, दर मिनिटाला बंद-चालू करून उपयोग नाही. आणि त्याआधी शेजारी काय आहे ते बघा. मशीनला चिकटून ठेवलेल्या कूलरची मोटर चालू असताना चित्र डुलतं. कूलर चार फूट सरकवला की बिघाड गायब होतो, हे मी दोन घरांत पाहिलंय.

राहिली एलसीडी. बहुतेक एलसीडी मॉनिटर आर्केडचा 15 किलोहर्ट्झचा सिग्नल घेतच नाहीत, मध्ये कन्व्हर्टर लागतो. जुन्या लाइट गनचे, म्हणजे पडद्यावर बंदुकीने नेम धरायचे, गेम तर त्यावर चालत नाहीत, कारण ती गन काचेवरच्या किरणाची वेळ पकडते. शिवाय या मापाच्या रंगीत ट्यूब आता नव्या मिळत नाहीत. कबाड्याकडे गेलेली ट्यूब परत येणार नाही.

महालातल्या मशीनचं चित्र वर दुमडलेलं होतं. व्हर्टिकल आयसीजवळचा 100 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलला, योकच्या कनेक्टरच्या दोन पिना पुन्हा सोल्डर केल्या. डावीकडचा खालचा कोपरा अजून थोडा झुकलेला आहे, त्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा पेटी उघडणार आहोत.