एमसीबी आहे ना, मग अर्थिंग कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, थँक्स, टोमण्यांसकट 😀 तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अर्थिंग-बिर्थिंग (पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी वायर) म्हणजे पैसे काढायचा धंदा, घरात एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच) असली की शॉक बसायच्या आत ती पडतेच, आणि तुमचा गिझर बारा वर्षं दोन वायरींवर चाललाय, काही झालं नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. टू-पिनवाली वस्तू सरसकट धोक्याची असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. मोबाईल चार्जर, हेअर ड्रायर यांना डबल इन्सुलेशन, म्हणजे करंट बाहेर येऊ नये म्हणून दुहेरी आवरण असतं, लेबलवर चौकोनात चौकोन छापलेला असतो बघा, त्यांना अर्थिंग लागत नाही.

पण गिझरचं तसं नाही हो. एमसीबी बघते फक्त करंट किती जातोय ते, कुणातून जातोय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स ढोबळमानाने 1000 ओहम धरा, 230 व्होल्टला त्याने भागा, आले 0.23 अँपिअर. साधा सीलिंग फॅनसुद्धा याहून जास्त खातो! 16 अँपिअरची एमसीबी त्याला ढुंकूनही बघणार नाही, आणि माणसाला मात्र 30 मिलीअँपिअरच्या (0.03 अँपिअर) पुढे जिवाशी गाठ आहे. त्यात बोअरचं पाणी असलं की क्षारांनी कॉइलचं आवरण खाल्लं जातं, चीर पडली की फेज (करंट आणणारी वायर) थेट पाण्यात.

आमच्याच भाड्याच्या घरातलं सांगतो. वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की मुंग्या यायच्या, आई म्हणायची चप्पल घालून लावत जा, झालं, तोच उपाय. एकदा टेस्टर लावला तर पत्र्यावर चक्क पेटला. बोर्ड उघडला तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर कापून, टेप गुंडाळून आत कोंबलेली, म्हणजे सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला! (प्लगची ती पिन लांब असते ती उगाच नाही, लावताना आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून.)

आणि तुम्ही सुचवलेला जुगाड, अर्थच्या पिनला न्यूट्रलवरून (करंट परत नेणारी वायर) जंप मारायचा, म्हणजे दोन्ही तुकड्याने जोडायच्या, तो प्लीज कुणाला सांगू नका. न्यूट्रल कुठे तुटली तर मशीनचा अख्खा पत्रा फेजवर येतो, त्यापेक्षा अर्थिंग नसलेलं परवडलं.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का हे ती बघत बसते, 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की बंद. अर्थिंग नसलं तरी ती चालते, फक्त मग तो फरक पाडायला कुणाचा तरी हात लागावा लागतो, अर्थिंग असेल तर पत्र्यात करंट उतरला की तेव्हाच पडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, आमच्याकडे दर महिन्याला मी दाबतो आणि टीव्ही बंद पडला म्हणून शिव्या खातो.

तुमच्या गिझरच्या बोर्डात हिरवी वायर आहे का तेवढं मेन बंद करून बघा आणि इथेच कळवा.