पंप कोणी चालू ठेवल्यान?

आज सकाळी बांगडे घ्यायला होडीच्या तरीवर गेलो होतो. बांगडे राहिले बाजूला, खांबाला लटकवलेला बॅनर बघून डोकं फिरलं. नाचगाण्याचा महोत्सव, नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या मधल्या तीन रात्री, खाडीपलीकडच्या पुळणीवर, यंदा पुन्हा. बॅनर गेल्या वर्षीपेक्षा मोठा. खाली हात जोडलेले नऊ फोटो आणि 'सर्वांचे सहर्ष स्वागत'. सर्वांचे म्हणजे कोणाकोणाचे हो? ज्यांना त्या रात्री झोपायचंय त्यांचं पण?

घरपट्टी भरायची होतीच, म्हणून तसाच पंचायतीत गेलो. विचारलं, याला परवानगी कोणी दिली? उत्तर आलं, "आमच्या हद्दीत नाय ता." संपला विषय. स्टेज खाडीच्या त्या अंगाला, तिकडची पंचायत वेगळी, ना-हरकत दाखला त्यांनी दिला. कागदावर सगळं बरोबर. होडीने पाच मिनिटांचं अंतर आहे मधे. पण आवाजाला होडी लागत नाही, हे कोणाला सांगायचं?

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "तीन राती तर आसत, कित्या तापतस?"

तापलोय म्हणूनच लिहितोय. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर पुढचं स्क्रोल करा.

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी काय झालं ते काहीजणांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. माझे वडील ८३ वर्षांचे. दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. दिवसा यंत्र लावतात, रात्री काढून डबीत ठेवतात. मग घरात टोप पडो, कुत्रे केकाटोत, माझं नि बायकोचं कडाक्याचं वाजो, त्यांना पत्ता नसतो. अख्ख्या वाडीत इतका गाढ झोपणारा माणूस दुसरा नाही. तर त्या दुसऱ्या रात्री साडेबाराच्या सुमाराला हा माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा. "पंप कोणी चालू ठेवल्यान रे?"

आमचा पंप मागच्या बागेत, बावीवर. दसऱ्यानंतर माडा-पोफळींना शिंपणं सुरू होतं आणि पंप चालू राहून बाव आटली तर वडील आठवडाभर कोणाशी धड बोलत नाहीत. पण पंप बंद होता. मी हाताने खूण केली, बंद आहे, झोपा. त्यांनी माझा हात धरला, स्वतःच्या खाटेपाशी नेलं आणि खाटेच्या कडेवर तो दाबून ठेवला. "हंय हात ठेवन बघ."

खाट थरथरत होती. आजोबांच्या वेळची जाडजूड शिसवी खाट. ठोक, ठोक, ठोक, ठोक. गाणं काही ऐकू येत नव्हतं, शब्द नाही, चाल नाही. नुसती ती धमक. बहिऱ्या माणसाला हाडांतून ऐकू येत होती.

त्या रात्री मी मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि ओटीवर उभा राहिलो. आकडा ५२ डेसिबलच्या आसपास. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५, दिवसाची ५५. म्हटलं, फार काही जास्त दिसत नाही की. मग हे काय चाललंय? माझा भाचा मुंबईत साऊंडचं काम करतो, त्याने फोनवर हसून सांगितलं, "मामा, तुझा मीटर बहिरा आहे, आजोबा नाही." कायद्यात आवाज मोजतात तो 'ए' वजनाच्या डेसिबलमध्ये. माणसाचा कान खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून मीटरही ते कमी मोजतो. ५० हर्ट्झच्या बेसमधून मीटर जवळजवळ ३० डेसिबल आधीच वजा करून टाकतो. आणि तो बेसच तर भिंतीतून येतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट सातेक मीटर लांब, तिला आमच्या चिऱ्याच्या भिंतीचं काय कौतुक! त्यात थंडीची रात्र. खाडीच्या पाण्यालगत हवा गार, वर ऊबदार, त्यामुळे आवाज वर जायचा तो वाकून पुन्हा खाली येतो. म्हणजे स्टेजच्या मागे राहणाऱ्यापेक्षा कधीकधी पैलतीरावरच्याच्या छातीत जास्त धडधडतं. खालचे सूर फारसे न कापणाऱ्या 'सी' वजनाने मोजलं तर हे आकड्यात दिसतं म्हणे. पण मोजतो कोण, आणि कुठे? नियमात कार्यक्रमाच्या आवाराची हद्द धरलीय. पुन्हा हद्दच!

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, बारापर्यंत सूट देता येते. बारापर्यंत. वडील उठले तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि ते बंद झालं एक वाजून चाळीस मिनिटांनी. मी घड्याळ बघतच बसलो होतो, दुसरं करण्यासारखं काय होतं? सुप्रीम कोर्टाने तर २००५ मध्येच सांगून ठेवलंय की बोलण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या कानात भोंगा ओतण्याचा हक्क नव्हे. वीस वर्षं झाली. कोर्टाचं ऐकायला कोणाला यंत्र लावायचं?

आता तुमच्यातले अर्धे म्हणणार, आणि आपला दशावतार? तो रात्रभर चालतो तेव्हा कुठे जातात तुझे डेसिबल?

चालतो. जत्रेला पहाटेपर्यंत नाटक चालतं, आणि हल्ली त्यातही पेटी-मृदुंगापुढे नको तेवढे माईक लावतात, हे मला पटत नाही. विसर्जनाला आपलीच पोरं डीजे लावतात तेव्हा आपण दातखीळ बसल्यासारखे गप्प असतो, हेही खरं. बस, एवढंच कबूल करतो. पण जत्रा ठरते तेव्हा गाव देवळात बसतो. कोणाच्या घरी कोणी आजारी आहे, कोणाचं सुतक आहे, सगळं सगळ्यांना माहीत असतं. नको तिथला भोंगा फिरवा म्हणून सांगायला माणूस समोर सापडतो, त्याचा बाप आपल्या बापाचा मित्र असतो. इथे सांगायचं कोणाला? बॅनरवर पासाचे दर आहेत, तक्रारीचा नंबर नाही.

नंबरावरून आठवलं. त्या रात्री मी फोन केला होता, ११२ वर. बोलणारा माणूस सभ्य होता, नाव-गाव घेतलं, गाडी पाठवतो म्हणाला. पंधरा मिनिटांत माझ्या मोबाईलवर अनोळखी फोन. "काका, तुम्हीच ना तक्रार केलेली? उगाच कशाला, पाव्हणे आहेत गावात." माझं नाव त्या स्टेजपर्यंत पोचलं होतं, गाडी पोचली होती की नाही देव जाणे. आणि लगेच पुढच्या महिन्यात, २०२५ च्या जानेवारीत, मुंबई हायकोर्टाने भोंग्यांच्याच एका खटल्यात पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि त्याचं नाव उघड करू नका. वाचून इतका हसलो की बायको बघायला आली.

त्या 'काका' म्हणणाऱ्या पोराचा राग मात्र अजून गेलेला नाही. काका म्हणायचं आणि दम द्यायचा.

बरं, धंद्याचं म्हणाल तर माझ्याकडे घरगुती राहायच्या दोन खोल्या आहेत. त्या तीन रात्री दोन्ही भरलेल्या होत्या, नेहमीच्या दीडपट दराने. घेतले पैसे. नाही कशाला म्हणू? पण गंमत अशी की, पुण्याहून आलेलं ते जोडपं सकाळी न्याहारीला आंबोळ्या खाताना मलाच विचारत होतं, रात्री आवाज कसला येत होता हो? ते शांततेला आले होते. पुढच्या वेळी देवबागला जाऊ म्हणाले.

आणि आपण काय कमी ढोंगी आहोत? शिरोड्याच्या किनाऱ्यावर, वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. थंडीचेच महिने त्यांचे. आपण घरट्याभोवती जाळी लावतो, रात्री पुळणीवर बॅटरी मारू नका म्हणून पाहुण्यांना सांगतो, पिल्लं उजेडाने भरकटतात म्हणून कुजबुजत बोलतो. मलाही त्याचा अभिमान आहे, फोटो टाकतो मी. पण ८३ वर्षांच्या म्हाताऱ्याभोवती जाळी कोण लावणार?

शेजारच्या गोव्याने आपल्या आधी हे सगळं भोगलंय. सनबर्न नावाचा असाच नाचगाण्याचा मोठा महोत्सव २००७ मध्ये कांदोळीला सुरू झाला, पुढे वागातोरला गेला, २०१६ मध्ये पुण्याकडे वळला, पुन्हा गोव्यात आला, आणि २०२४ च्या डिसेंबरात पेडण्यातल्या धारगळीला. धारगळीची माणसं विरोधात उभी राहिली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. धारगळ म्हणजे काही लांब नाही, तेरेखोल ओलांडली की आलंच. एकीकडची माणसं ओरडली की मांडव उचलून दुसरीकडे नेतात, जिथे अजून कोणी ओरडायला शिकलेलं नाही तिथे. आमची पुळण कोणाच्या यादीत कितवी आहे ते बघा आता.

इथपर्यंत लिहून चहा घेऊन आलो. मुलीने मागे उभं राहून सगळं वाचलं. म्हणाली, "बाबा, मी पण होते ना तिथे."

होती. हे मी वर लिहिलं नाही, मुद्दाम नाही लिहिलं. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर पास काढून गेली होती, मीच होडीच्या तरीवर सोडलं होतं तिला. दोन वाजता परत आली तेव्हा तोंड असं फुललेलं होतं की ओरडावंसं वाटेना. इथल्या पोरांना असतं काय हो? पावसाळ्यात चार महिने पाऊस, मे महिन्यात मुंबईकरांची उठाठेव, बाकी वर्षभर मोबाईल. तिने नाचावं. खुशाल नाचावं. मला त्या पुळणीवर काहीच नको आहे असं नाही. संध्याकाळी चारला सुरू करा, दहाला बेस बंद करा, स्टेजची तोंडं समुद्राकडे फिरवा, आमच्या वाडीतल्या एखाद्या ओटीवर मीटर घेऊन माणूस बसवा, त्याला सोलकढी मी पाजतो. आणि परवानगी जिथे स्टेज आहे तिथल्या पंचायतीची नको, आवाज जिथे पोचतो तिथल्या सगळ्या पंचायतींची घ्या. एवढंच. दुसरं काही मागतच नाही मी.

पण मुलीने पुढे जे सांगितलं ते मला वर्षभर माहीत नव्हतं. मला वाटत होतं की वडील त्या रात्री खाटेवर हात ठेवून पुन्हा झोपले. मी झोपलो, म्हणून मला तसं वाटलं. ती दोनला आली तेव्हा आजोबा मागच्या बागेत होते. अंधारात, हातात बॅटरी, बावीच्या काठावर वाकून आत बघत. आमच्या बावीचा कठडा एका बाजूने पडलाय, पावसात पडला होता, आज करू उद्या करू म्हणून राहिलाय. तिने हाताला धरून आणलं त्यांना. ते म्हणत होते, "आता थांबलो बघ. कोणीतरी बंद केल्यान." आणि मला सांगू नको म्हणाले, तो रागावतलो.

म्हणे मी रागावणार.

तीन राती तर आसत! बावीत पडायला किती राती लागतात रे? तू जो कोण मागच्या बाकावर बसला होतास, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, तुलाच विचारतोय.

ग्रामसभा आता २६ जानेवारीला. तोपर्यंत पुळणीवरचे खांबसुद्धा काढून झालेले असतील. म्हणून सोमवारी मी विशेष ग्रामसभेसाठी अर्ज देतोय, आमच्या पंचायतीत एक आणि खाडीपलीकडच्या पंचायतीत एक. दुसरा अर्ज ते घेणार नाहीत, मी त्यांचा मतदार नाही. पोचपावती मात्र मागणार. सोबत कोणी येत असेल तर साडेदहाला तरीवर या. इथे अंगठा दाखवून निघून जाऊ नका, अंगठे खूप झाले.

वडिलांना बॅनरचं सांगितलेलं नाही. पण परवाच त्यांनी वायरमनला बोलावून पंपाचा स्टार्टर उघडून घेतला. "डिसेंबरात आपसूक चालू होता," म्हणाले त्याला. त्याने सगळं तपासलं, तीनशे रुपये घेतले आणि म्हणाला, आजोबा, काहीच बिघाड नाही. वडिलांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि स्टार्टरच्या डब्याला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवली.